मुलांना सर्कस आणि एरियल सिल्कच्या क्लासला घालणं सुरक्षित आहे का? क्लास कसा निवडावा?

तुमची मुलगी ११ वर्षांची आहे आणि तिला एरियल सिल्क, म्हणजे छतावरून टांगलेल्या लांब कापडावर चढून करायच्या कसरती, शिकायचंय. मुलगा १४ वर्षांचा, गणितात रमणारा. त्याला उंचीची भीती वाटते, पण बहिणीबरोबर काहीतरी करावंसंही वाटतंय. आणि तुम्हाला काळजी आहे ती 'पडली तर?' याची. मी मुलांना जमिनीवरच्या कसरती आणि एरियल दोन्ही शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीला नक्की घाला. ११ हे वय चांगलं आहे: सूचना नीट कळतात, आणि स्वतःचं वजन हातांवर पेलायला शरीर अजून हलकं असतं. मात्र क्लास बघायला जाल तेव्हा मुलं किती उंच चढतात यापेक्षा ती खाली कशी येतात, याकडे लक्ष द्या. क्लासची पारख मी तरी यावरूनच करते.

चांगल्या क्लासमध्ये सुरुवातीला कापडाला खाली, साधारण कमरेच्या उंचीवर गाठ मारलेली असते आणि मूल त्या झोळीत बसायला, उभं राहायला, पायाला कापडाचा वेढा घेऊन टेकायला शिकतं. हे बघताना कंटाळवाणं वाटतं. पण त्याच काळात ते उतरायलाही शिकत असतं. उतरताना कापडावरून सरसर घसरायचं नाही, कातडी सोलवटते. वेढे ज्या क्रमाने घेतले त्याच्या उलट क्रमाने सोडायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हात दमले की काय करायचं, हे वर जायच्या आधी ठाऊक असायला हवं. हाताची पकड हळूहळू कमी होत असते, पण ते जाणवत नाही. बराच वेळ ठीक वाटतं आणि मग एकदम बोटं उघडायला लागतात. म्हणून पायाचा वेढा घट्ट घेऊन हात मोकळे करून विसावा घेणं हे पहिलं कौशल्य. परतीची ताकद शिल्लक असेल तिथपर्यंतच चढायचं, हे मी मुलांकडून दर तासाला वदवून घेते.

उडत्या झुल्याचा खेळ १८५९ मध्ये पॅरिसच्या सर्कशीत पहिल्यांदा करून दाखवला तो जूल लेओतार या फ्रेंच कसरतपटूने. एका झुल्यावरून हात सोडून दुसरा पकडण्याचा सराव त्याने तुलूझमध्ये, वडिलांच्या व्यायामशाळेतल्या पोहण्याच्या तलावावर केला होता. म्हणजे सुटलो तर कुठे पडणार, याची सोय आधी आणि खेळ नंतर. आजचे चांगले शिक्षक याच क्रमाने जातात.

यानंतर येतं उलटं होणं, म्हणजे डोकं खाली आणि पाय वर. जमिनीवर उभं राहून, कापड धरून, उडी न मारता, पोटाच्या ताकदीने सावकाश पाय वर नेता येत असतील तरच ते हवेत करायचं. झोका घेऊन पाय भिरकावणाऱ्या मुलाला मी खालीच थांबवते, कितीही रुसलं तरी. ड्रॉप तर फार पुढची गोष्ट. ड्रॉप म्हणजे अंगाभोवतीचे वेढे उलगडत खाली येणं आणि शेवटच्या वेढ्याने शरीर अडवणं. एक वेढा चुकीच्या बाजूने घेतला तर शेवटी अडवायला काहीच उरत नाही. म्हणून ड्रॉपआधी मुलाने प्रत्येक वेढा मोठ्याने सांगायचा आणि खालून शिक्षकाने तो डोळ्यांनी तपासायचा. पहिल्या महिन्यातच नवशिक्यांना ड्रॉप करायला लावणारा क्लास मी शिफारसीतून सरळ वगळते, त्याचे व्हिडिओ कितीही देखणे असोत.

आता टांगणीबद्दल. कापड छताला नुसतं बांधलेलं नसतं. छतातला आधार, त्याला कॅराबिनर (उघडझाप करता येणारी धातूची कडी), मग कापड स्वतःभोवती फिरलं तरी पीळ न पडू देणारं स्विवेल, आणि शेवटी कापड ज्याला अडकवतात ती कडी, अशी साखळी असते. चांगल्या कॅराबिनरवर त्याची क्षमता कोरलेली असते, बहुतेकदा २२ किलोन्यूटन किंवा जास्त. २२ किलोन्यूटन म्हणजे सुमारे २२०० किलोचा भार. ४० किलोच्या मुलीसाठी एवढं कशाला, असं वाटेल. पण ड्रॉप अडतो त्या क्षणी भार वजनाच्या कित्येक पट होतो, शिवाय तोच कॅराबिनर आडवा फिरून भार घेऊ लागला तर त्याची क्षमता जवळपास एक तृतीयांशावर येते. म्हणून टांगणी रोज बघावी लागते आणि कापड झिजलं की बदलावं लागतं. हे सगळं तुम्हाला तपासता येणार नाही, पण विचारता येईल: छतातला आधार कोणी तपासला, कापड कधी बदललं, नोंद ठेवता का? नीट काम करणाऱ्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तो शिडी आणून दाखवायला लागतो.

खाली जाड क्रॅश मॅट हवी, आणि ती बरोबर कापडाखाली हवी. मॅट भिंतीला टेकवलेली आणि मुलं हवेत, असं एकदा जरी दिसलं तरी पुरे. मॅटवर फार भिस्तही ठेवू नका. पायांवर पडलं तर ती वाचवते, मानेवर पडलं तर तिचा भरवसा नाही.

याच कारणाने घरी टांगू नका. पंख्याचा हुक, दाराच्या चौकटीतला दांडा, झाडाची फांदी, काहीच नको. पंख्याचा हुक शांत लटकणाऱ्या वजनासाठी असतो, हिसक्यांसाठी नाही.

मुलगी ११ वर्षांची आहे म्हणून आणखी एक गोष्ट सांगते, जी बरेच क्लास सांगत नाहीत. येत्या एकदोन वर्षांत तिची उंची भराभर वाढेल. मुलींमध्ये हा वेग साधारण १२ च्या आसपास सर्वाधिक असतो, मुलांमध्ये १४ च्या आसपास. त्या काळात हाडं स्नायूंच्या पुढे धावतात. मांडीमागचे स्नायू आखडतात, काल जमलेलं आज जमत नाही, तोल बिघडतो. मूल आळशी झालेलं नसतं, फक्त त्याचे हातपाय लांब झालेले असतात. हाडांच्या टोकांशी जिथे वाढ होते तो भाग तेव्हा नाजूक असतो, म्हणून मनगट किंवा गुडघ्याखालचं हाड सतत दुखत असेल तर विश्रांती आणि डॉक्टर. 'सहन कर' म्हणणारा शिक्षक नको. स्प्लिट (दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पूर्ण पसरून जमिनीला टेकणं) बसावी म्हणून मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर भार देऊन दाबणाराही नको. ही जुनी पद्धत अजून दिसते आणि मला तिची चीड येते. लवचिकता मुलाने स्वतःच्या ताकदीने मिळवायची असते. अंग आधीच फार लवचिक असेल तर ताणण्यापेक्षा ताकदीवर अधिक काम लागतं.

शिकवताना आधार द्यायला अंगाला हात लावावा लागतो. चांगला शिक्षक आधी सांगतो: 'आता मी तुझ्या कमरेला धरतेय, चालेल?' मुलीला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि तिच्या 'नाही'वर क्लासमध्ये कोणाचं तोंड वाकडं व्हायला नको. वजनाबद्दल शेरे मारणारा क्लास मी सोडून द्यायला सांगते. या वयात असं एक वाक्य वर्षानुवर्षं मनात राहतं.

कपड्यांचं थोडक्यात: पोटरी आणि गुडघ्यामागचा भाग झाकणारी घट्ट लेगिंग, खोचता येईल असा शर्ट, चेन किंवा बटण नको, दागिने काढलेले, केस बांधलेले, हातांना क्रीम नाही. गुडघ्यामागे, काखेत निळे डाग पडतील. सुरुवातीला ते पडतातच.

आता मुलगा. त्याच्या भीतीवर उपाय शोधू नका, सर्कशीचा मोठा भाग जमिनीवरच आहे. बॉल उडवणं, डायबोलो (दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर फिरवायची भिंगरी), एकचाकी सायकल, फळी आणि नळकांड्यावरचा तोल, मनोऱ्यात खालचा आधार होणं. ऑस्ट्रेलियात १९७९ पासून चालत आलेल्या 'फ्लाइंग फ्रूट फ्लाय सर्कस'सारख्या मुलांच्याच सर्कशींमध्येही हवेतल्या कसरतींबरोबर जमिनीवरच्या कला शिकवतात.

आणि तो गणितात रमतो म्हणालात, तर बॉल उडवणं त्याला फार आवडेल. प्रत्येक फेकीला एक अंक (तो बॉल किती फेकींनंतर पुन्हा फेकायचा, तो आकडा) देऊन क्रम लिहिण्याची साइटस्वॅप नावाची पद्धत १९८० च्या दशकात रूढ झाली. तीन बॉलची नेहमीची फेक म्हणजे ३, ३, ३. पण ४, ४, १ किंवा ५, ३, १ हेही तीनच बॉलचे क्रम, कारण अंकांची सरासरी जितकी तितके बॉल. सरासरी पूर्णांकात आली म्हणून प्रत्येक क्रम जमतोच असं मात्र नाही, कारण दोन बॉल एकाच क्षणी एकाच हातात येऊन चालत नाहीत. कुठला क्रम चालेल आणि कुठला नाही, हे त्याला कागदावर शोधू द्या, मग हातांनी करू द्या. माहितीशास्त्राचा पाया घालणारा क्लॉड शॅनन स्वतः बॉल उडवायचा आणि त्याने त्यावर एक प्रमेयही मांडलं. सुरुवात मात्र बॉलने नको. पातळ रुमाल हवेत सावकाश तरंगतात, डोळ्यांना वेळ मिळतो. हे त्याला घरी आजपासून करता येईल.

एका चाचणी तासाला दोघांनाही घेऊन जा आणि तो तास तुम्ही पूर्ण बसून बघा. पालकांना बसू देत नसतील तर कारण विचारा. शेवटी शिक्षकांना एवढंच विचारा: 'मुलगी वर असताना घाबरून थिजली, हलेचना, तर तुम्ही काय करता?' त्यांच्याकडे ठरलेली पद्धत असायला हवी. आधी शांत आवाजात एकेक पाऊल सांगून उतरवणं, ते जमलं नाही तर कप्पीने कापडासकट खाली घेणं किंवा शिडी लावून स्वतः वर जाणं. 'आमच्याकडे असं कधी होत नाही' असं उत्तर मिळालं, तर दुसरा क्लास शोधा.