मेंदूच्या पातळ स्लाइसमध्ये ॲस्ट्रोसाइटचा (न्यूरॉनच्या शेजारच्या फांद्याळ आधारपेशीचा) फक्त सोमा, म्हणजे मधला देह, चमकतो, फांद्या काळ्याच राहतात. हे कॅल्शियम संकेत खरे की नुसता गोंगाट?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारले आहेत. उंदराच्या हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूच्या एका भागाच्या) स्लाइसमध्ये फ्लुओ-४ एएम हा कॅल्शियम वाढलं की उजळणारा डाय लोड केला, तर दोन-तीन मिनिटांतून एखाद्या वेळी सोमा उजळतो आणि फांद्यांत काहीच का दिसत नाही, हा पहिला. पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारा आयपी३आर२ हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांतही सिनॅप्स (न्यूरॉनमधले सांधे) बऱ्याच प्रयोगांत नेहमीसारखे चालतात, मग हे संकेत बिनकामाचे समजायचे का, हा दुसरा. दोन्हींचं मूळ माझ्या मते एकच: नजर पेशीच्या चुकीच्या भागावर आहे.

आधी डायचं बघू. एएम डाय पेशीत शिरतो, तिथली एस्टरेझ एन्झाइमं त्याचे एएम गट कापतात आणि तो आत अडकतो. सोमात आणि जाड फांद्यांत तो पुरेसा साठतो. पण ॲस्ट्रोसाइटचा बहुतेक पसारा सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनक्षमतेपेक्षा बारीक पापुद्र्यांचा असतो. तिथे आकारमानच इतकं थोडं की डायचे रेणू मोजके, आणि त्यांचा उजेड पार्श्वभूमीत बुडून जातो. २०११ साली हे पद्धतशीर मोजलं गेलं, तेव्हा असा डाय पेशीच्या क्षेत्रफळाचा जेमतेम १० टक्के भाग दाखवतो असं निघालं. म्हणजे तुमच्या फांद्या गप्प नाहीत, त्या तुम्हाला दिसतच नाहीत.

लोडिंग सुधारायचं असेल तर ५ मायक्रोमोलर डाय, सोबत ०.०२ टक्क्यांच्या आसपास प्लुरॉनिक (डाय विरघळवणारं डिटर्जंट), ४५ मिनिटं, आणि मग किमान अर्धा तास स्वच्छ एसीएसएफमध्ये (मेंदूतल्या द्रवासारख्या कृत्रिम द्रावणात). हा शेवटचा अर्धा तास कोणी वाचवायला जातं आणि एएम गट पुरते कापले न गेल्यामुळे बेसलाइन सरकत राहते. प्लुरॉनिक कमी पडलं तर डायच्या गुठळ्या होतात आणि पृष्ठभागावर ठिपके बसतात. ते पेशी समजून मोजले जातात. स्लाइसचे वरचे २०-३० मायक्रोमीटर सोडून द्या. तिथल्या पेशी कापताना जखमी झालेल्या असतात आणि उगाचच सतत लुकलुकतात.

फांद्या हव्या असतील तर मात्र डायच्या नादी लागू नका. जीकॅम्प६एफ हा जनुकीय सूचक एएव्ही५ विषाणूतून, ॲस्ट्रोसाइटमध्ये चालणाऱ्या जीएफए-एबीसी१डी प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनए-तुकड्याखाली) द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. त्याची एलसीके शेपटी जोडलेली आवृत्ती पडद्याला चिकटून बसते, म्हणून बारीक भागांत ती जास्त उपयोगी. विषाणूची मात्रा वाढवून उजेड मिळवायचा मोह टाळा: पेशी प्रतिक्रियाशील होतात, जीएफएपी हे ॲस्ट्रोसाइटचं प्रथिन वाढतं आणि तुम्ही आजारी ॲस्ट्रोसाइट मोजत बसता. काही स्लाइस जीएफएपीसाठी रंगवून इंजेक्शन न दिलेल्या बाजूशी ताडून बघा.

आता कॅल्शियम येतं कुठून. विश्रांतीत सायटोसोलमध्ये ते साधारण १०० नॅनोमोलर असतं, बाहेर एक मिलिमोलरहून जास्त. म्हणजे दहा हजार पटींहून अधिक उतार. सोमात आणि जाड फांद्यांत नेहमीचा रस्ता असा: पडद्यावरचा जीक्यू प्रथिनाशी जोडलेला रिसेप्टर, मग फॉस्फोलायपेझ सी हे एन्झाइम, त्यातून आयपी३ हा निरोप्या रेणू, आणि आयपी३ ने एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरचे (ईआर, पेशीतला कॅल्शियमचा साठा) टाइप २ रिसेप्टर, म्हणजेच आयपी३आर२, उघडणं. हा रिसेप्टर मजेशीर आहे. त्याला आयपी३ बरोबर थोडं कॅल्शियमही लागतं, पण कॅल्शियम फार वाढलं की तो बंद होतो. दरम्यान सर्का पंप सगळं कॅल्शियम परत ईआरमध्ये ओढत असतो. या ओढाताणीतून सेकंदांच्या लयीतले हेलकावे तयार होतात.

टोकाच्या पापुद्र्यांत बहुधा ईआर नसतंच. तिथे खेळ वेगळा. ग्लुटामेट (सिनॅप्समधला संदेशवाहक रेणू) उचलणारा ट्रान्सपोर्टर एक ग्लुटामेट आत घेताना तीन सोडियम आत आणतो. चिमुकल्या जागेत तेवढ्यानेही सोडियम चढतं, आणि एरवी कॅल्शियम बाहेर टाकणारा सोडियम-कॅल्शियम एक्स्चेंजर उलटा फिरून ते आत आणू लागतो. शिवाय टीआरपीए१ सारख्या वाहिन्या आहेत, मायटोकॉन्ड्रियातून क्षणभर सुटणारं कॅल्शियमही आहे. यांपैकी कशालाच आयपी३आर२ लागत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. २०१५ साली आयपी३आर२ नसलेल्या उंदरांच्या फांद्या जीकॅम्पने पाहिल्या गेल्या. सोमातले चढउतार जवळपास संपले होते, पण फांद्यांतले बरेचसे शाबूत होते. त्यामुळे ‘आयपी३आर२ काढला, काही बदललं नाही, म्हणून कॅल्शियम निरुपयोगी’ हा युक्तिवाद टिकत नाही. अर्थात त्यावरून संकेत उपयोगी असल्याचंही सिद्ध होत नाही, हे विसरू नका. प्रत्येक सिनॅप्सशेजारी ॲस्ट्रोसाइट ग्लुटामेट सोडून तत्काळ उत्तर देतो, हे जुनं चित्र मला आज ताणलेलं वाटतं. त्याचा बराच पुरावा कल्चरमधून (बशीत वाढवलेल्या पेशींतून) आणि लहान पिल्लांच्या स्लाइसमधून आला, आणि एमग्लुआर५ हा त्यातला मुख्य ग्लुटामेट रिसेप्टर तिसऱ्या आठवड्यानंतर ॲस्ट्रोसाइटमध्ये फार घटतो. तुमचे उंदीर प्रौढ असतील आणि तुम्ही एमग्लुआर५ चा ॲगोनिस्ट (त्याला चालू करणारं रसायन) टाकून वाट बघत असाल, तर काही न दिसणं हेच अपेक्षित आहे.

पुरावा भक्कम आहे तो नॉरॲड्रेनालिन या सतर्कतेच्या संदेशवाहकाच्या बाबतीत. जागा उंदीर दचकला किंवा पळू लागला की कॉर्टेक्सभर ॲस्ट्रोसाइट जवळजवळ एकदम उजळतात, अल्फा-१ रिसेप्टरमार्फत. झेब्राफिशच्या पिल्लांत २०१९ साली आणखी पुढचं दिसलं: पोहूनही पुढे सरकता येत नाही असं बराच वेळ झालं की नॉरॲड्रेनालिनमुळे ग्लियात (ॲस्ट्रोसाइटसारख्या आधारपेशींत) कॅल्शियम साठत जातं आणि मासा पोहण्याचा प्रयत्न सोडतो. ही भाषा मिलिसेकंदांची नाही, कित्येक सेकंदांची आहे. आणि ती भूल दिलेल्या प्राण्यात ऐकू येत नाही. आयसोफ्लुरेन, केटामिन-झायलाझिन, युरेथेन, तिन्ही हे संकेत दाबतात.

म्हणून स्लाइसमध्ये सकारात्मक नियंत्रण म्हणून शेवटी १० मायक्रोमोलर फेनिलेफ्रिन (अल्फा-१ रिसेप्टर चालू करणारं औषध) टाका. पेशी निरोगी असतील तर सोमा आणि फांद्या दोन्ही उजळायला हव्यात. नाही उजळल्या तर त्या स्लाइसमधले ‘शांत’ आकडे फेकून द्या. न्यूरॉनचा हात किती हे बघायला १ मायक्रोमोलर टीटीएक्स (न्यूरॉनचे विद्युत संदेश थांबवणारं विष). फांद्यांतले अनेक चढउतार त्यातही चालू राहतात, घाबरू नका.

लेझरबद्दल फार सावध राहा. टू-फोटॉन सूक्ष्मदर्शकावर जीकॅम्पसाठी साधारण ९२० नॅनोमीटर वापरतात, आणि ताकद जराशी जास्त झाली की प्रकाशच कॅल्शियम उसळवतो. तपासणी सोपी आहे: काहीही न टाकता दहा मिनिटं रेकॉर्ड करा. शेवटच्या तीन मिनिटांतल्या घटना पहिल्या तीनपेक्षा ठळकपणे वाढल्या असतील तर ताकद कमी करा आणि नवीन जागा घ्या. सोमासाठी सेकंदाला एक फ्रेम चालते. फांद्यांसाठी निदान चार-पाच तरी हव्यात.

विश्लेषणात हाताने गोल चौकटी आखू नका. फांद्यांतली घटना एका जागी उगवते, पसरते, दुसरीशी मिसळते. ठरलेल्या चौकटीत ती अर्धवट कापली जाते. एक्वासारखं घटनांवर आधारलेलं सॉफ्टवेअर इथे बरं पडतं. पण त्याला देण्याआधी एक गोष्ट करा. कॅल्शियमशी संबंध नसलेला टीडीटोमॅटो सारखा लाल रंग त्याच पेशीत ठेवा आणि लाल चॅनेलही तशाच्या तसा त्याच सॉफ्टवेअरमधून चालवा. स्लाइस एखादा मायक्रोमीटर खाली-वर झाली तरी बारीक फांदी फोकसमध्ये येते-जाते आणि हुबेहूब कॅल्शियमसारखी लुकलुकते. लाल चॅनेलमध्ये जितक्या घटना सापडतील, हिरव्यातल्याही साधारण तितक्या खोट्या धरा.