फॉरमॅट झाली म्हणजे फ्लॉपी चालली असं नाही

तुम्ही लिहिलंय, कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या १५४१ या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये सीलबंद पाकिटातल्या दहा फ्लॉप्या विनातक्रार फॉरमॅट झाल्या, ६६४ ब्लॉक (डेटा ठेवायचे कप्पे) मोकळे दिसले, आणि दोन आठवड्यांत निम्म्या वाचता येईनाशा झाल्या. आधी एक सांगतो: ड्राइव्हच्या हेडची, म्हणजे फ्लॉपीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाची, अलाइनमेंट (नेमकी जागा) हलवू नका. हेच लक्षण पाहून मला एका दुरुस्तीवाल्याने पैसे घेऊन अलाइनमेंट करून दिली होती. दोष फ्लॉपीत होता, आणि नीट चालणारा ड्राइव्ह मात्र बिघडला.

तुमच्या फोटोत फ्लॉपीच्या मधल्या भोकाभोवती रिंग दिसत नाही, आणि आतली चकती तपकिरी नसून जवळजवळ काळी आहे. या खुणा एचडीच्या (हाय डेन्सिटी), म्हणजे १.२ एमबीच्या फ्लॉपीच्या; १५४१ ला हवी डीडी (डबल डेन्सिटी). शंभर टक्के पुरावा नाही, बिनरिंगच्या डीडी फ्लॉप्याही असतात. पण दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर मी ती फ्लॉपी घेत नाही.

सव्वापाच इंची डीडी फ्लॉपीच्या चुंबकीय लेपाची कोअर्सिव्हिटी (चुंबकित करायला लागणारा जोर) साधारण ३०० ओर्स्टेड, एचडीची ६०० च्या आसपास. म्हणजे एचडीवर लिहायला दुप्पट जोर लागतो, आणि १५४१ चं हेड डीडीच्या हिशोबानेच करंट सोडतं. लेप अर्धवट चुंबकित होतो. त्या दिवशी वाचता येतं, मग सिग्नल कमजोर पडत जातो आणि २१ किंवा २३ क्रमांकाची एरर येते. म्हणून ‘फॉरमॅट झाली, म्हणजे चालते’ हा सल्ला ऐकू नका. हा गोंधळ साडेतीन इंचीवरून आला आहे: तिथे डीडी आणि एचडीच्या लेपात फरक थोडाच असल्यामुळे एचडीची खूण असलेल्या भोकावर चिकटपट्टी लावून बऱ्याचदा काम भागतं. सव्वापाच इंचीत भागत नाही.

पाकिटावर ‘डीएस डीडी’, ‘२एस/२डी’ किंवा ‘एमडी२-डी’ असेल तर डोळे मिटून घ्या. ‘९६ टीपीआय’ (इंचाला ९६ ट्रॅक, म्हणजे डेटाची वर्तुळं) वाचून लोक बिचकतात, पण डीडी असेल तर ९६ टीपीआयही चालते, कारण लेप तोच असतो. ‘एचडी’, ‘१.२ एमबी’, ‘एमडी२-एचडी’ दिसलं की परत ठेवा. सिंगल साइडेड असली तरी चालते. १५४१ ला एकच हेड असतं, तेही खालून, त्यामुळे लेबलाच्या उलट्या बाजूवर लिहिलं जातं. इंडेक्सचं भोक हा ड्राइव्ह बघतच नाही, म्हणून दुसरी बाजू वापरायला कडेच्या मूळ खाचेच्या समोरच्या कडेला, आरशातल्यासारख्या जागी, दुसरी खाच पाडली की झालं. खाच पाडताना आतल्या चकतीला धक्का लागू देऊ नका. महत्त्वाचा डेटा मात्र मी या दुसऱ्या बाजूवर ठेवत नाही: फ्लॉपी उलटी फिरते आणि अस्तरात अडकलेली धूळ सुटून हेडखाली येऊ शकते.

वापरलेल्या फ्लॉप्या घ्यायच्या असतील तर मधल्या भोकाशी धरून चकती हळूहळू फिरवा आणि लांबट खिडकीतून तिरप्या उजेडात बघा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. तसली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर हेडवर थर बसतो आणि पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडते. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत ठेवणार असाल तर सिलिका जेलची पुडी डब्यात असू द्या.

फॉरमॅट करताना नावापुढे दोन अक्षरी आयडी अवश्य द्या. आयडी दिला नाही तर फक्त १८ व्या ट्रॅकवरची डिरेक्टरी पुसली जाते, बाकीचे ट्रॅक जुनेच राहतात, आणि ‘नव्याने फॉरमॅट केली’ असा गैरसमज होतो. पूर्ण फॉरमॅटला दीडेक मिनिट लागतं.

हे सगळं १५४१ पुरतं. १५८१ साडेतीन इंचीचा आहे, त्याचा हिशोब वेगळा. हातातल्या दहापैकी ज्या अजून वाचता येतात त्यांवरचा डेटा आजच डीडीवर उतरवून घ्या. त्या एचडी पुन्हा फॉरमॅट करून बघण्यात वेळ घालवू नका.