चवथीला गाडी अडते, आणि स्केलचा घोळ

प्रश्न: नमस्कार दादा, आमचे मामा जहाजावर होते, त्यांनी जर्मनीतून आणलेला मार्क्लिन कंपनीचा जुना मॉडेल रेल्वेचा सेट आमच्याकडे आहे, एचओ स्केलचा. मग मी त्याहून बारक्या जपानी एन स्केलचं एक इंजिन नि चार डबे घेतले, आता एक ओओचं इंग्लिश इंजिन स्वस्तात मिळतंय. चवथीला गणपतीपुढे गाडी फिरवतो, पण यंदा एनची गाडी वीतभर जायची नि थांबायची, बोट लावलं की परत चालू. तीन-तीन स्केल जमवतोय ते चुकतंय का? आणि ओओ मामांच्या रुळांवर चालेल ना?
एक वाचक, मडगाव

उत्तर: नाही चालणार, आणि यात भलेभले फसतात. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी, ओओ म्हणजे १:७६, पण दोन रुळांमधलं अंतर दोघांचंही १६.५ मिमीच, कारण इंग्लिश इंजिनं मुळातच बारकी, त्या काळची मोटर १:८७ च्या अंगात मावेना, म्हणून त्यांनी वरची बॉडी वाढवली नि रूळ तेच ठेवले. म्हणजे तुमचं ओओ मामांच्या रुळांवर बसेल छान, पण हलायचं नाही. मार्क्लिनच्या त्या सेटला करंट मधल्या लायनीतून येतो, बाजूचे दोन्ही रूळ एकच वायर असल्यासारखे, आणि ओओला एका रुळातून प्लस, दुसऱ्यातून मायनस लागतो. त्यात मामांचा ट्रान्सफॉर्मर एसी, तो चुकूनही दुसऱ्या रुळांना जोडू नका. मी जोडला होता, इंजिन जागच्या जागी गुणगुणलं नि अर्ध्या मिनिटात जळक्या वार्निशचा वास घरभर, बायको स्वयंपाकघरातून विचारतेय काय करपलं.

एन का अडतं? बहुतेक मळ. एनचे रूळ ९ मिमीचे, इंजिन हलकं, चाक नि रूळ यात जरा पापुद्रा आला की करंट तुटतो. आपल्याकडे पावसाळी खारी हवा आधीच, वर चवथीला समईचं तेल, कापराची काजळी, उदबत्तीचा धूर, सगळं रुळांवरच. सँडपेपर अजिबात नको, त्याच्या ओरखड्यांत मळ आणखी घट्ट बसतो. आयसोप्रोपाईल अल्कोहोल सुती फडक्यावर घ्या नि पुसा. चाकांसाठी टिश्यू त्यातच भिजवून रुळावर आडवा टाका, इंजिनाची अर्धी चाकं टिश्यूवर, अर्धी रुळावर, हलकं धरा आणि पॉवर द्या, टिश्यूवर काळ्या रेघा उमटतील, रेघा यायच्या थांबेपर्यंत टिश्यू सरकवत राहा, मग इंजिन फिरवून उरलेली चाकं. सरसकट तेल ओतू नका. गाडी उंच पाटावर घेतली आणि समई जरा लांब ठेवली तर निम्मं काम तिथेच होतं.

स्केलचं म्हणाल तर जमवा की बिनधास्त, शोकेसला काय फरक पडतो. फिरवायचं मात्र एकच ठेवा, आणि गोव्याच्या फ्लॅटात माझं मत एनला. आपला नेहमीचा प्रवासी डबा (आयसीएफ) साधारण २२ मीटरचा, एचओत तो पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास जातो, म्हणजे दहा डब्यांचीच गाडी अडीच मीटर, अख्खी खोली खाते. एनमध्ये डबा चौदा सेंटीमीटर. पुढे कुळे-कॅसलरॉक घाट करावासा वाटला (वाटणारच, दूधसागर बघून कोणाला वाटत नाही!) तर तिथला चढ १:३७, म्हणजे खालून दुसरी गाडी जायला पाच सेंटीमीटर उंची हवी तर १८५ सेंटीमीटर लांबीचा चढ लागणार, हे आधी टेबलावर मोजून घ्या.

आणखी एक, भारतीय इंजिनांची एचओ मॉडेल बहुतेक १६.५ च्याच रुळांवर येतात, पण आपला ब्रॉडगेज १६७६ मिमीचा, हिशेबाने १९ च्या वर जायला हवा, म्हणून ती समोरून जरा पाय जुळवून उभी राहिल्यासारखी दिसतात. मला नाही खटकत, खटकणारे असतात. आपली मुरगावची जुनी मीटरगेज एचओत करायची तर १२ मिमीचे रूळ जवळपास बरोब्बर बसतात.

ओओ घ्या, शोकेसला ठेवा. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून माळ्यावर टाकू नका, पुठ्ठा दमट होतो, फोम बॉडीला चिकटतो. झाकण असलेला प्लास्टिक डबा नि सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि पुड्या पावसाळ्यात मधेमधे बदला.