म्हापशाचा फ्लॅट, स्विंडनचा पगार आणि परत आलेलं मुखत्यारपत्र

ताई, मिस्टर इंग्लंडात स्विंडनला, पासपोर्ट पोर्तुगीज, हाती ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळणारं परदेशी नागरिकाचं कार्ड), कर्जावर घ्यायचा फ्लॅट म्हापशाला आणि सासूबाईंच्या नावचं मुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) बँकेने परत केलं, असं तुम्ही लिहिलंय. ओसीआयवाल्याला घर आणि कर्ज मिळतं का, यात वेळ घालवत नाही. मिळतं. शेतजमीन, मळे-बागायती आणि फार्महाऊस तेवढं चालत नाही, तुमचा तर फ्लॅट आहे.

घोडं मुखत्यारपत्रावर अडतं, आमचंही तिथेच अडलं होतं. वकिलाच्या तयार साच्यात खरेदी करणे, विक्रीखतावर सही करणे, ताबा घेणे एवढंच असतं. कर्ज काढणं आणि मिळकत गहाण टाकणं हे शब्दांत लिहिलेलं नसेल, तर बँकेच्या वकिलाला तो कागद अर्धाच वाटतो. ‘इतर सर्व अधिकार’ या मोघम ओळीवर तो लाखो रुपये सोडणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

म्हणून उलट क्रमाने जा. आधी बँक ठरवा आणि मसुदा त्यांचाच घ्या. त्यात फ्लॅट नंबर, आणि गोव्याच्या शहर भूमापनातले पी.टी. शीट व चलता हे नंबर हवेत. कर्जाच्या करारावर सही, गहाण, मूळ दस्त बँकेत जमा करणं, दुय्यम निबंधकापुढे हजर राहणं, या सगळ्यांची कलमं वेगवेगळी असू द्या. मग मिस्टरांनी तिथल्या नोटरीपुढे सही करून अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) घ्यायचं, नाहीतर भारतीय वकिलातीत साक्षांकन करायचं. यातलं काय चालेल ते बँकेकडून ईमेलवर घ्या. काउंटरवरचं तोंडी ‘चालतं हो’ कामाचं नाही. आमच्या त्या शाखेत तीन खेपांना तीन उत्तरं मिळाली होती. नाव घेत नाही.

कागद गोव्यात पोचला की मुदत सुरू. परदेशात झालेल्या दस्ताला भारतात आल्यापासून 3 महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात जायचं. कुरियरचं पाकीट फेकू नका, तारखेचा पुरावा तोच. शांतपणे फाईलमध्ये ठेवून दिलेला कागद चौथ्या महिन्यात बाहेर काढला, तर कदाचित सगळं पुन्हा स्विंडनपासून.

नावाचं लफडंही आधीच मिटवा. जुन्या शाळेच्या दाखल्यावर नाईक ‘के’ने संपतो, पोर्तुगीज नागरिकत्वाच्या लिस्बनच्या नोंदीत ‘क्यू-यू-ई’ने. पॅन, ओसीआय आणि पासपोर्ट समोर मांडून अक्षर न अक्षर जुळवा. फरक दिसला तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, आणि मुखत्यारपत्रातही दोन्ही नावं लिहा.

पैशाचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांत 80, त्यापुढे 75 टक्के ही कमाल मर्यादा. परदेशी पगारावर बँक बहुतेक हात आखडताच घेते. मुद्रांक आणि नोंदणी खिशातून. पगाराच्या स्लिपांबरोबर पी-60 (तिथला पगार-कराचा वार्षिक दाखला) आणि तिथला क्रेडिट रिपोर्ट मिस्टरांनी आत्ताच काढून ठेवावा. त्यांचं इथलं जुनं बचत खातं अजून तसंच असेल तर आधी एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्या. टोकनची (सौदा पक्का करायची) रक्कमसुद्धा रोखीत देऊ नका.

मी वकील नाही, तुमच्या वकिलाला एकदा विचाराच. पण फ्लॅट दुसऱ्या हातचा असेल तर मालक कुठे राहतो ते टोकनआधी विचारा. तो इथला रहिवासी असेल तर 50 लाखांपासून पुढच्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देताना तुम्ही कापून सरकारला भरायचा कर. तोही परदेशी गेलेला असेल तर दर कितीतरी जास्त आणि कापायची जबाबदारी तुमची. त्याने आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणला तरच सुटका. आणि गोव्याच्या नागरी संहितेमुळे विक्रीखतावर सहसा त्याच्या बायकोची सहीही लागते. ती लंडनला असली तर तिचंही मुखत्यारपत्र, आणि तिचेही 3 महिने.