जॅमिंग ऐकू आलं तर डायल पुढे सरकवू नकोस

शॉर्टवेव्हवर तिबेटी प्रसारण शोधताना अचानक चिनी भाषेतल्या गप्पा किंवा ढोल-झांजांचं संगीत कानावर आदळलं, तर नवं स्टेशन सापडलं असं समजू नकोस. ते बहुधा जॅमिंग असतं, म्हणजे प्रसारण दाबायला त्याच फ्रिक्वेन्सीवर मुद्दाम सोडलेला आवाज. चीन बऱ्याचदा आपल्या सरकारी रेडिओचा पहिला चॅनलच त्या फ्रिक्वेन्सीवर सोडतो. पडताळायला सोपं आहे: तोच कार्यक्रम दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर सापडतो, आणि अनेक ट्रान्समीटर एकदम चालू असल्यानं आवाजाला प्रतिध्वनी येतो.

तिथेच थांब. 'व्हॉइस ऑफ टिबेट' हे तिबेटी स्टेशन जॅमरला चुकवायला एक-दोन किलोहर्ट्झ बाजूला सरकतं. रिसीव्हरला एसएसबी (सिग्नलची एकच बाजू ऐकायची सोय) असेल तर जॅमरपासून लांबची बाजू, म्हणजे साइडबँड निवड आणि बँडविड्थ (ऐकू येणारा फ्रिक्वेन्सींचा पट्टा) कमी कर. दबलेला तिबेटी आवाज वर येतो. तो क्षण खरंच अंगावर काटा आणतो! शिवाय शहरागणिक बसवलेल्या स्थानिक जॅमरची जमिनीलगत जाणारी लहर (ग्राउंड वेव्ह) आपल्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून ल्हासात दाबलेलं स्टेशन पुण्यात कधीकधी स्पष्ट लागतं.

घरातले एलईडी दिवे, चार्जर रेडिओत खरखर आणतात, ते मात्र आधी बंद कर. वहीत वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेत) लिही, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा, आणि जॅमिंगचा प्रकारही नोंदव. स्टेशनला रिपोर्ट पाठवशील तेव्हा त्यांना तेच सगळ्यात उपयोगी पडतं.