नरकासुर करणारा मुलगा आणि अर्धवट वही

ताई, आधी तुमचं म्हणणं मला नीट कळलंय का ते बघतो. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. वर्गात एका जागी बसवत नाही, वही अर्धवट, डबा, छत्री, कंपास यातलं रोज काहीतरी शाळेत राहतं. डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जड जातं तो विकार, आणि गोळी लिहून दिली. तोच मुलगा वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, नरकासुराचे, आपल्या गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे जाळतात त्या राक्षसाच्या पुतळ्याचे, हात आणि मान हलवायची सगळी करामत स्वतःच्या डोक्यानं करतो, त्या दिवसांत जेवायलाही हाका मारून आणावा लागतो. नणंदेनं रील पाठवलं की ही सुपरपॉवर आहे, सगळे कलाकार असेच असतात, गोळी दिलीत तर पोराची कल्पकता जाईल. सासूबाईंचं म्हणणं, झालेलं काही नाही, वांड आहे, यंदा नरकासुर बंद करा म्हणजे ताळ्यावर येईल. यात ऐकायचं कोणाचं, असं तुम्ही विचारलंय.

नणंदेचं अर्धं खरं आहे. सासूबाईंचा उपाय मात्र करू नका, हे आत्ताच सांगून टाकतो.

मी नाटकांचं नेपथ्य करतो. गावच्या जत्रेतली हौशी नाटकं आणि स्पर्धेची नाटकं, दोन्हीकडे. माझं निदान चाळिशीला टेकल्यावर झालं. लहानपणी आमच्या घरी एकच वाक्य होतं, 'चलो हुशार आसा, पूण ताचें मन लागना,' म्हणजे मुलगा हुशार आहे, पण त्याचं मन लागत नाही. त्यामुळे या विषयावर मी डॉक्टर म्हणून नाही, त्याच बाकावर बसलेला माणूस म्हणून बोलतो.

तुम्ही लिहिलंय की त्यानं भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली आणि तिच्यावर नरकासुराचा तलवारीचा हात चालवला. हे तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबलो. वायपरची मोटर बारा व्होल्टवर चालते, हळू फिरते आणि जोर भरपूर असतो. म्हणजे गाडीची जुनी बॅटरी पुरते आणि हात झटक्यानं न उडता रुबाबात वरखाली होतो. पंख्याची मोटर लावली असती तर पहिल्या फेरीतच हात उखडून प्रेक्षकांत गेला असता. शिवाय मोटर नुसती गोल फिरते. त्या फिरण्याचं वरखाली करायला चाकाच्या मध्यापासून बाजूला खिळा ठोकून दांडी अडकवावी लागते, आणि तो खिळा मध्यापासून जितका दूर तितका हात जास्त उचलतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही. वायपर काचेवर हलताना त्यानं पाहिला आणि त्याला त्यात राक्षसाचा हात दिसला. दुसऱ्या कोणाला पावसात वायपर बघून राक्षस आठवत नाही.

ही जी उडी आहे, एका वस्तूतून भलत्याच वस्तूत जायची, तिच्यावर थोडं संशोधन झालेलं आहे. अमेरिकेत हॉली व्हाइट आणि प्रीती शाह यांनी २००६ मध्ये एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या कॉलेजच्या मुलांची तुलना केली. एखाद्या साध्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग सुचवा, या चाचणीत एडीएचडीवाले पुढे होते. पण दुसऱ्या चाचणीत तीन शब्द देऊन त्यांना जोडणारा एकच शब्द शोधायचा होता. म्हणजे आपल्याकडे भिंत, हात, गजर असं दिलं तर घड्याळ. तिथे हीच मुलं मागे पडली. फाटे फोडायला सांगितलं की पुढे, फाटे आवरून एका जागी यायला सांगितलं की मागे. याच दोघींनी २०११ मध्ये पुन्हा पाहिलं, तर एडीएचडी असलेल्यांच्या नावावर प्रत्यक्षातली सर्जनशील कामंही जास्त निघाली. पण त्यांचा कल नवीन कल्पना काढण्याकडे होता, आणि प्रश्न नीट मांडणं, कल्पना घडवत नेणं याकडे इतरांचा. आमच्या नाटकाच्या धंद्यात हे रोज दिसतं.

आता रीलवाले काय सांगत नाहीत ते. एक तर ही कॉलेजपर्यंत पोचलेली मुलं होती. जी वाटेत गळली त्यांना कोणी चाचणीला बसवलं नाही. दुसरं, मार्टिन होगमन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात असं दिसलं की ज्यांच्यात ही लक्षणं जास्त आहेत पण आजार म्हणण्याइतकी नाहीत, त्यांच्यात कल्पनांचा हा फायदा बहुतेक अभ्यासांत आढळतो. प्रत्यक्ष निदान झालेल्यांमध्ये तो तसा ठामपणे आढळत नाही. म्हणजे थोडं असलं तर कामाला येतं, फार झालं की तेच आड येतं. तुमचा मुलगा कुठे बसतो ते त्याच्याकडे बघूनच ठरवावं लागेल. आणि तिसरं म्हणजे, याच आढाव्यात औषधानं कल्पकता कमी होते असा पुरावा सापडला नाही.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिचं नाव त्या रीलमध्ये नक्की असेल, असतंच. तिनं २०१६ मध्ये स्वतः जाहीर सांगितलं की तिला एडीएचडी आहे आणि ती लहानपणापासून त्यावर औषध घेते. रील बनवणारा दुसरा अर्धा भाग कापतो.

आता माझ्या धंद्यातलं बोलू. एका नाटकात विहिरीचा रहाट हवा होता, आवाजासकट. मला तालमीतच दिसलं की जुन्या सायकलचं मागचं चाक मोकळं फिरवलं की जी कटकट होते ती लांबून रहाटासारखी ऐकू येते. सगळ्यांनी वाहवा केली. पण ते चाक कोणाच्या गोठ्यात आहे हे लिहून ठेवणारा, टेम्पोवाल्याला आदल्या दिवशी फोन करणारा, तिसरी घंटा व्हायच्या आत ते विंगेत बसलंय हे बघणारा माणूस दुसराच. तो माझा भागीदार. त्याला असलं काही सुचत नाही आणि मला असलं काही आठवत नाही, आणि आम्ही बरीच वर्षं एकमेकांवर पोट भरतोय. एडीएचडी हे बळ आहे का, असं मला विचाराल तर मी म्हणेन, शेजारी कोण बसलंय त्यावर आहे. एकट्याला सोडलं तर तो नुसता अर्धवट सामानानं भरलेला माळा आहे.

आता मुलाचं लक्ष नरकासुरात लागतं आणि वहीत का लागत नाही? सासूबाईंना यातच लबाडी दिसते, 'आवडीचं असलं की बरं जमतं.' लबाडी नाही. एडीएचडीत लक्ष कमी असतं असं नाही, ते हुकमानुसार वळत नाही. लांबच्या फळाची किंमत या मेंदूत फार लवकर घसरते. मार्चमधली परीक्षा त्याच्यासाठी जवळजवळ नसतेच. उलट नरकासुराला चतुर्दशीची पहाट ठरलेली. पुढे ढकलता येत नाही, जाळायचाच आहे. सांगाडा समोर उभा, विसरायची सोय नाही. हात, पाय, पाठ सगळं हलतंय. शेजारी चार पोरं, एक खळ लावतोय, एक पेंढा भरतोय, थांबलं तर लगेच ओरडतात. आणि तार जोडली की मोटर एकतर फिरते नाहीतर नाही, निकाल त्याच क्षणी. वहीत यातलं एकही नाही. एकटा, बसून, दोन पानं लिहायची, त्यावर सही येणार सोमवारी.

म्हणून नरकासुर बंद करणं हा सगळ्यात वाईट उपाय. ज्या एका ठिकाणी त्याचं लक्ष कसं चालतं हे तुम्हाला उघड दिसतं, तीच जागा बंद होईल. शिवाय वर्षभर 'तू असाच' ऐकणाऱ्या पोराला गावातली चार माणसं ज्या कामासाठी मानतात ते काढून घेतलंत, तर पुढे त्याच्याशी बोलायला तुमच्याकडे काय उरेल? अभ्यास झाला तरच नरकासुर, अशी अटही घालू नका. त्या दिवसांत झोपेची वेळ मात्र ठरवा आणि ती मोडू देऊ नका; झोप गेली की ही लक्षणं आणखी वर येतात, आणि वाड्यावर रात्री दीड-दोनपर्यंत चालतं हे तुम्हाला माहीत आहे.

उलट तिथलं इकडे आणा. अभ्यासाला कोणीतरी शेजारी बसावं, शिकवायला नको, स्वतःचं काम घेऊन बसलं तरी चालतं. तुम्ही भाजी निवडा, तो गणितं सोडवील. काम दहा-पंधरा मिनिटांचं, समोर काटे दिसणारं घड्याळ, आणि झालं की लगेच बघून 'बरोबर' किंवा 'हे परत'. इतिहासाचा धडा जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून सनावळीच्या पट्टीवर काढू दे, उभ्यानं. घरात पसारा होईल, होऊ दे. दप्तर रात्रीच दाराच्या कडीला, छत्री त्याच कडीला. 'लक्षात ठेव' हे दोन शब्द घरातून हद्दपार करा, त्यांचा उपयोग आजवर कोणाला झालेला नाही.

गोळीबद्दल. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, बहुधा मिथाइलफेनिडेट असेल. साधी गोळी अर्ध्या-एक तासात लागते आणि साधारण चार तास चालते, लांब चालणाऱ्याही मिळतात. भूक कमी होणं आणि झोप उशिरा लागणं हे नेहमीचे त्रास. म्हणून नाश्ता पोटभर देऊन मग गोळी, आणि दुपारची कसर संध्याकाळी भरून काढायची, असं बरेच डॉक्टर सांगतात. तुमच्या डॉक्टरांना वेळ विचारून घ्या. वजन, उंची, रक्तदाब आणि नाडी अधूनमधून तपासली गेली पाहिजे. गोळी कायद्यानं चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि प्रत्येक फार्मसी ठेवत नाही, तेव्हा संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करा. मुलगा गोळीवर अगदी गप्प, विझल्यासारखा वाटला तर 'गेली कल्पकता' म्हणून परस्पर बंद करू नका. बहुतेक वेळा डोस जास्त झालेला असतो, किंवा हे औषध त्याच्यासाठी नसतं, दुसरी आहेत. ॲटोमॉक्सेटीन दिलं असेल तर त्याचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत निकाल लावू नका.

मी स्वतः कामाच्या दिवशी घेतो. कल्पना पूर्वीइतक्याच येतात. फरक एवढाच की तिसरी कल्पना आली तरी पहिली टाकून उठत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण आपल्या गोव्यात विचारायलाच हवी. दोन-चार वर्षांत हा स्कूटर मागेल. एडीएचडी असलेल्यांचे रस्त्यावरचे अपघात इतरांपेक्षा जास्त होतात. अमेरिकेतल्या विम्याच्या नोंदींवरून २०१७ मध्ये छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात, त्याच माणसाच्या औषध चालू असलेल्या महिन्यांत अपघाताचा धोका पुरुषांत ३८ आणि स्त्रियांत ४२ टक्क्यांनी कमी दिसला. सुपरपॉवर म्हणणाऱ्यांनी फोंडा ते पणजी हायवेवर सकाळी एकदा उभं राहून बघावं.

निदानाबद्दल शंका असेल तर दुसरं मत घ्या, त्यात कोणाचा अपमान नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून होती का, आणि घर व शाळा दोन्हीकडे दिसतात का, हे विचारलं गेलं होतं का ते आठवा. डोळे, कान, झोप तपासली का? वाचन-लेखनाची वेगळी अडचण सोबत असू शकते, नेहमी असते असं नाही, पण पाहिली पाहिजे. वही अर्धवट राहण्याचं ते दुसरं कारण निघू शकतं. बांबोळीला आयपीएचबीत, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयात, ओपीडी आहे, खर्च फारसा येत नाही. बांबोळी म्हटलं की घरात आवाज खाली जातो हे मला ठाऊक आहे. आमच्याकडेही गेला होता. तिथल्या रांगेत बँकेतले, शिक्षक, कॉलेजची मुलं सगळे बसलेले असतात. लहान मुलांसाठी पर्वरीकडे खासगी केंद्रंही आहेत.

शाळेत जाताना 'माझा मुलगा वेगळा आहे' अशी सुरुवात करू नका, शिक्षिका त्याच क्षणी दार लावून घेतात. त्यांच्या वर्गात चाळीस वेगळे आहेत. तीन नेमक्या गोष्टी मागा. पुढचा बाक, खिडकीपासून लांब. फळ्यावरचं उतरवून झालं नाही तर शेजारच्याच्या वहीचा फोटो काढायची परवानगी. आणि तासाच्या मध्ये एकदा काहीतरी आणायला-पोचवायला त्यालाच पाठवणं, खडू असो की हजेरी. शेवटची गोष्ट शिक्षिकांना आवडते, कारण त्यांचंही काम होतं. जाताना डॉक्टरांचा अहवाल न्या, पण झेरॉक्स द्या, मूळ प्रत घरीच ठेवा. पुढे दहावीला सवलतीचा अर्ज करायची वेळ आली तर तीच शोधावी लागते, आणि शाळेच्या कपाटात गेलेला कागद परत मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.