भावाला न सांगता जेवणातून दारू सोडवायचं औषध देता येतं का? आणि खान्देशात चांगलं व्यसनमुक्ती केंद्र कोणतं?

ताई, जेवणात कालवायच्या पावडरीचं आधी डोक्यातून काढून टाका. भिंतींवर 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा' असं रंगवलेलं असतं, पण त्या पुडीत काय आहे हे विकणारा सांगत नाही आणि आपल्याला कळत नाही. डायसल्फिरॅम नावाची गोळी खरी आहे. डॉक्टर ती देतात, पण माणसाला सांगून, त्याचं लिव्हर आणि हार्ट तपासून. ती पोटात असताना वर दारू गेली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी उतरतं. ज्याला काही माहीतच नाही तो संध्याकाळी नेहमीसारखी क्वार्टर लावणार. जीव जाऊ शकतो. आणि वाचला, तरी घरच्यांनीच ताटात काहीतरी घातलं हे कळल्यावर तो तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही.

पण मी लिहायला बसले ती तुमच्या एका वाक्यामुळे. "मनावर घेतलं तर तो आजही सोडेल, पण मनावरच घेत नाही." हे वाक्य मी आमच्या जेठांकडून, म्हणजे थोरल्या दिरांकडून, वर्षानुवर्षं ऐकलंय. "मन घट कर, सुटी जाई." आणि मग माझ्याकडे न बघता, सासूबाईंना ऐकवून: "तिले तिना नवरा सांभाळता उना नही."

मी चोपडा तालुक्यातली. माझे मिस्टर केळीची गाडी चालवायचे. आधी गाडी खाली झाल्यावर रात्री घ्यायचे, मग दुपारी, आणि पुढे पुढे सकाळी चहाच्या आधी, कारण त्याशिवाय स्टिअरिंग धरायला हात स्थिर राहत नसे. सकाळचा घोट सुरू झाला म्हणजे शरीराला दारूची सवय लागली. तुमचा भाऊ सकाळी घेतो का, न घेतल्यास हात कापतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सगळ्यात आधी तेच बघा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी जेठ त्यांना कोथळीला मुक्ताईच्या दर्शनाला घेऊन गेले आणि शपथ घालून आणली. त्यांनी शपथ पाळली. थेंब घेतला नाही. पहिल्या दिवशी घाम, चिडचिड, जेवण नाही. दुसऱ्या दिवशी गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं. तिसऱ्या रात्री ते चादरीवरच्या मुंग्या वेचायला लागले. एक मुंगी नव्हती. मग खाटेवर उठून बसले आणि गाडी चालवायला लागले. डावा हात गिअर टाकतोय, पाय ब्रेक शोधतोय, आणि मागे वळून हमालाला ओरडताहेत, "वरतून पाला टाक रे, घड घासताय!" मला ओळखत नव्हते. अंग तापलेलं, कपडे घामानं ओलेचिंब.

जेठांनी निदान केलं, बाहेरचं लागलंय. भगत आला, लिंबू उतरवलं, अंगारा लावला. मी माझ्या भावाला फोन करून गाडी बोलावली. जेठ दारात उभे राहिले, "सकाळपर्यंत थांबा, लोक काय म्हणतील." मी थांबले नाही. माझ्या भावानं आणि मी त्यांना धरून गाडीत घातलं आणि जळगावला सिव्हिलला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची कधी घेतली होती?" ऐकलं आणि म्हणाले, दारू अचानक तोडल्यामुळे झालंय. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत हा भ्रम होतो. उपचार मिळाला नाही तर यात माणूस जातो. झोपेच्या गटातली औषधं मोजून देऊन ती रोज कमी करत नेतात आणि बी-वनचं, म्हणजे थायमिनचं, इंजेक्शन देतात. ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते, हेही मला तिथेच कळलं. आपल्याकडे तर कुठल्याही दुखण्याला आधी सलाईनची बाटली लावतात.

आजही लग्नाच्या मांडवात जेठ सांगतात, "शपथेनं सुटली." मुक्ताईला मीही मानते, वारी करते. पण शपथ पाळली म्हणूनच तर ती रात्र आली ना! मन त्या माणसाचं पहाडासारखं घट्ट होतं आणि तरी तो खाटेवर गाडी चालवत होता. ज्यांना 'मनानं कच्चा' म्हणतात त्यातले कितीतरी जण सोडायला गेले, हातपाय कापायला लागले, आणि ते थांबावं म्हणून परत प्याले. घरचे म्हणतात, बघा, दोन दिवस टिकला नाही. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत आकडा आहे: दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसलातरी उपचार मिळतो, आणि दाखल होऊन उपचार मिळतो तो १८० जणांत एकाला. बाकीचे सगळे शपथ, अंगारा आणि भिंतीवरच्या पावडरीच्या भरवशावर.

आता तुमचं केंद्राचं. खान्देशातल्या कुठल्या केंद्राचं नाव मी देत नाही, कारण इमारत तीच राहते पण चालवणारा बदलला की केंद्र बदलतं. कुठल्याही केंद्रात जायच्या आधी सिव्हिलला जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. केस पेपर काढून मनोविकार विभाग विचारा. नाव ऐकून घाबरू नका, व्यसनाचा उपचार तिथेच होतो. शरीरातली दारू सुरक्षितपणे उतरवणं हे दवाखान्याचं काम. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून नंदुरबारला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही जातं, हे मला कळतं. त्या बाजूच्या माणसाला 'इतक्या उशिरा का आणलं' असं विचारणाऱ्यांचा मला राग येतो.

केंद्र बघायला गेलात तर विचारा, डॉक्टर रोज येतात की फक्त बोर्डावर आहेत? घरच्यांना भेटू देतात का? आमच्या नात्यातल्या एका मुलाला रात्री गाडी पाठवून चौघांनी उचलून नेलं, महिनाभर घरच्यांशी बोलू दिलं नाही. परत आला तो पाठीवर वळ घेऊन, आणि त्याच आठवड्यात प्याला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूचा आजारही येतो. मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर दोन जणांनी स्वतंत्र तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. उचलून नेणाऱ्यांना पैसे देऊ नका.

पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे. जळगावहून पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस जाते, आपल्याकडचे लोक जातात. पण तिथून आल्यावर गावात कोण आहे, हा खरा प्रश्न. माझे मिस्टर उपचारानंतरही एकदा घसरले. तेव्हा जेठ म्हणाले, "पैसा वाया गया." डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलं तर गोळी बंद करता का? त्यांना टिकवलं ते अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगनं. तिथे फी नसते, आणि समोर बसलेला माणूस स्वतः त्यातून गेलेला असतो, म्हणून त्याचं ऐकलं जातं.

एक सांगायचं राहिलं. पिणाऱ्या प्रत्येकालाच फिट किंवा भ्रम होत नाही. तुमचा भाऊ फक्त संध्याकाळी घेत असेल आणि सकाळी बरा असेल तर कदाचित ओपीडीतल्या गोळ्यांवर भागेल. मी डॉक्टर नाही, माझ्या घरात झालं ते सांगितलं. आणि तो दारूसोबत गोळ्या घेत असेल, मालेगाव-धुळे पट्ट्यात जिला 'कुत्ता गोळी' म्हणतात तसली काही, तर डॉक्टरांना लपवू नका. ती अल्प्राझोलाम या झोपेच्या गटातल्या औषधाची असते. दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो, आणि अचानक बंद केली तरी फिट येऊ शकते.

तुमच्या प्रश्नात भावजयीचं नाव कुठेच नाही. ती काय करते, तिला कोणी विचारलंय का? घरात बैठक बसेल, मोठी माणसं येतील, आणि कोणीतरी म्हणेलच की बाईनं प्रेमानं वागवलं असतं तर ही वेळ आली नसती. तुम्ही नणंद आहात, तेव्हा तुमच्या तोंडचं 'असं बोलू नका' तिच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त चालेल. मजुरीचा पैसा तिच्या खात्यात जाईल असं बघा. रात्री घराबाहेर पडायची वेळ आली तर तुमचं दार उघडं आहे, हे तिला आजच सांगा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे आणि १४४१६ टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा. दोन्हीवर पिणाऱ्यानंच फोन करायला हवा असं नाही. पहिला फोन तुमच्या भावजयीला लावू द्या आणि तुम्ही तिच्या शेजारी बसा.